कोशिका सिद्धांत

सर्व सजीवांची शरीरे एका वा अनेक कोशिकांची बनलेली असतात, कोशिका हे रचनेचे व कार्याचे मूलभूत एकक आहे आणि प्रत्येक कोशिका पूर्वीच्या कोशिकेपासूनच उत्पन्न होते, या तीन विधानांच्या समुच्चयास कोशिका सिद्धांत म्हणतात. हा सिद्धांत सामान्यतः श्लायडेन व श्वान यांच्या नावाने ओळखला जातो. तथापि तिसरे विधान त्यांचे नव्हे. त्यांचे मत याच्या नेमके उलट होते. ते मत मागे पडून आजचे विधान प्रस्थापित होण्यास सु. चार दशके लागली.

कोशिकेचे पहिले वर्णन रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायक्रोग्राफिया या ग्रंथात केले. बुचाच्या पातळ कापात त्यांना मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. एक इंच लांबीत असे १,०८० कप्पे मावतात, यावरून एका घन इंचात ते १२५ कोटींहून अधिक असावेत, असे गणित त्यांनी मांडले. त्यांना दिसल्या त्या मृत कोशिकांच्या रिकाम्या भित्ती होत्या. डेल्फ्ट येथील कापडाचे व्यापारी आंतॉन व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) यांनी स्वतः घासलेल्या एकेरी भिंगांतून १६७० नंतरच्या दशकात पाण्यातील एककोशिक जीव व सूक्ष्मजंतू पाहिले. यानंतर दीर्घकाळ प्रगती मंदावली. भिंगांतील रंगदोषामुळे प्रतिमेच्या कडा अस्पष्ट दिसत. जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी १८३० मध्ये अवर्णक (रंगदोष टाळणाऱ्या) भिंगांच्या रचनेची तत्त्वे स्पष्ट केल्यावर ही अडचण बरीचशी दूर झाली. त्याच सुमारास, १८३१ मध्ये, रॉबर्ट ब्राउन (१७७३–१८५८) यांनी ऑर्किडांच्या कोशिकांत नियमितपणे आढळणाऱ्या गोलसर पुंजास ‘केंद्रक’ हे नाव दिले.

वनस्पतींची सर्व अंगे कोशिकांची बनलेली असून केंद्रकाचा कोशिकेच्या निर्मितीशी निकटचा संबंध असतो, असे मत माटीआस याकोप श्लायडेन (१८०४–८१) यांनी १८३८ मध्ये मांडले. टेओडोर श्वान (१८१०–८२) यांना बेडकाच्या डिंभाच्या पृष्ठरज्जूत व उपास्थीत (कुर्चेत) तशाच केंद्रकयुक्त कोशिका आढळल्या होत्या. १८३९ मधील ग्रंथात त्यांनी प्राणी व वनस्पती यांच्या रचनेचे तत्त्व एकच असल्याचे प्रतिपादन केले. दोन सृष्टींमधील भिंत यामुळे ढासळली.

नवी कोशिका कशी निर्माण होते, या प्रश्नाला मात्र दोघांनीही चुकीचे उत्तर दिले. स्फटिक ज्याप्रमाणे संतृप्त विद्रावातून बाहेर पडतो त्याप्रमाणे आकारहीन द्रवातून प्रथम सूक्ष्म कण, त्याभोवती केंद्रक व केंद्रकाभोवती कोशिका साकार होते, असे ते मानीत. श्लायडेन यांच्या मते ही क्रिया जुन्या कोशिकेच्या आत, तर श्वान यांच्या मते बहुधा कोशिकांच्या बाहेरील द्रवात घडते. या कल्पनेमागे उदात्त हेतू होता. जीवनाचे स्पष्टीकरण गूढ ‘प्राणशक्ती’ने न करता भौतिक नियमांनी करावे, असा श्वान यांचा आग्रह होता आणि स्फटिकाचे उदाहरण त्यास सोयीचे होते. परंतु हा मार्ग त्यांना स्वयंजननाच्या (निर्जीवापासून सजीवाच्या उत्पत्तीच्या) जुन्या कल्पनेजवळ घेऊन गेला.

याविरुद्ध पुरावा आधीच उपलब्ध होता. तंतुमय शैवलाच्या कोशिका मध्ये पडदा निर्माण होऊन दुभंगतात, हे बेल्जियममधील ड्यूमॉर्त्ये यांनी १८३२ मध्ये व जर्मनीतील ह्यूगो फोन मोल यांनी १८३५ मध्ये वर्णिले होते. हा केवळ काही शैवलांचा विशेष नसून सर्वसामान्य नियम आहे, हे प्राण्यांच्या बाबतीत सिद्ध करण्याचे श्रेय मुख्यत्वे रॉबर्ट रेमाक (१८१५–६५) यांच्याकडे जाते. कोंबडीच्या भ्रूणातील तांबड्या रक्तकोशिका विभागताना त्यांनी १८४१ च्या सुमारास पाहिल्या. पुढे बेडकाच्या अंड्यांचे विभाजन टप्प्याटप्प्याने तपासून १८५२ मध्ये त्यांनी प्राणिकोशिका केवळ विभाजनानेच वाढतात, कोशिकाबाह्य द्रवातून त्या उत्पन्न होत नाहीत, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हता. गाठी व अर्बुदे शरीरात पाझरलेल्या द्रवातून तयार होतात, असे तत्कालीन वैद्यकात मानले जाई. रेमाक यांचे म्हणणे खरे असेल, तर अर्बुदाची कोशिका ही रुग्णाच्याच निरोगी कोशिकेची वंशज ठरते. रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) हे आरंभी द्रवातून होणारी उत्पत्ती मानीत; १८५५ मध्ये मात्र त्यांनी प्रत्येक कोशिका कोशिकेपासूनच निर्माण होते, असे सूत्र लॅटिन भाषेत मांडले आणि १८५८ च्या ग्रंथात सर्व रोगविज्ञान त्यावर उभारले. १८५५ च्या लेखात रेमाक यांचे ऋण नमूद केलेले नाही. रेमाक हे ज्यू होते. बर्लिन विद्यापीठात १८४७ मध्ये अध्यापनाचा अधिकार मिळविणारे ते पहिले ज्यू असले, तरी पूर्ण प्राध्यापकपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. सूत्र फिरखो यांच्या नावाने रूढ झाले; त्याचा पुरावा बव्हंशी रेमाक यांचा होता.

विभाजनाच्या वेळी केंद्रकाचे काय होते, हे रंजकद्रव्यांच्या साहाय्याने व्हाल्टर फ्लेमिंग (१८४३–१९०५) यांनी स्पष्ट केले. केंद्रकातील धाग्यांची लांबीच्या दिशेने विभागणी होऊन ते दोन्ही नव्या कोशिकांत समप्रमाणात जातात, हे त्यांच्या १८८२ मधील ग्रंथात आढळते. या धाग्यांना १८८८ मध्ये व्हाल्डायर यांनी क्रोमोसोम हे नाव दिले. मराठीत त्यांना गुणसूत्रे म्हणतात. अशा प्रकारे केंद्रकही केंद्रकापासूनच उत्पन्न होते, हे दिसून आले व स्फटिकाची उपमा कायमची मागे पडली.

तंत्रिका तंत्र (मज्जासंस्था) हा सिद्धांताचा अखेरचा मोठा अपवाद मानला जाई. कामील्लो गॉल्जी हे त्यास अखंड जाळे समजत, तर सांत्यागो रामॉन ई काहाल यांनी १८८८ पासून ते स्वतंत्र कोशिकांचे बनलेले असल्याचे दाखविले. दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वादाचा निर्णय मात्र १९५०–६० या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काहाल यांच्या बाजूने दिला.

सिद्धांताच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. व्हायरस कोशिकामय नसतात. मात्र त्यांच्या गुणनासाठी सजीव कोशिका लागते. पृथ्वीवरील पहिली कोशिका कशी निर्माण झाली, याविषयी सिद्धांत काही सांगत नाही. अमेरिकेतील क्रेग व्हेंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एका सूक्ष्मजंतूची संपूर्ण आनुवंशिक सामग्री प्रयोगशाळेत रासायनिक रीत्या जोडून तयार केली. परंतु ती कार्यान्वित करण्यासाठी त्यांना दुसऱ्या सूक्ष्मजंतूची सजीव कोशिकाच वापरावी लागली. रेमाक यांनी १८५२ मध्ये काढलेला निष्कर्ष तेथेही अबाधित राहिला.