पोहण्याच्या तलावातील सदतीस सेकंद



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांनी चलथाणच्या साखर कारखान्याच्या परिसरात, खानदेशातून पोटासाठी आलेल्या कुटुंबांच्या मुलांना मराठी अक्षरे गिरवायला शिकवली. अशा ठिकाणी बोलताना माझ्यासारख्या भाषेच्या अध्यापकाने एखाद्या ग्रंथाविषयी बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आज मी एका विस्मृतीविषयी बोलणार आहे. तिला माझ्या एका अपराधाचीही पार्श्वभूमी आहे.

उमेदीच्या काळात मी काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. वर्गात पोलिओने पाय अधू झालेला एक विद्यार्थी होता. खेळाच्या तासाला मी त्याला पायरीवर बसवून इतरांची दप्तरे सांभाळण्यास सांगत असे. ही माझी दया आहे, असा माझा प्रामाणिक समज होता. त्याने कधी तक्रार केली नाही. आणि तक्रार नाही म्हणजे दुःखही नाही, असे मी खुशाल धरून चाललो.

ज्या विचाराने माझा हा समज खोटा ठरविला, त्याचा उगम इंग्लंडातील एका रुग्णालयात आहे. दुसऱ्या महायुद्धात पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांवर स्टोक मॅंडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन उपचार करीत होते. खेळ हा उपचाराचाच एक भाग आहे, अशी त्यांची धारणा होती. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन होत असतानाच, त्यांनी सोळा जखमी स्त्रीपुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. त्या बीजाचा १९६० साली रोम येथे वृक्ष झाला. ‘पॅरालिंपिक’ या शब्दाचा संबंध आरंभी कमरेखालील पक्षाघाताच्या वाचक ‘पॅराप्लेजिया’शी होता, पुढे ग्रीक ‘पॅरा’, म्हणजे ‘शेजारी, बरोबरीने’, असा त्याचा अर्थ मानला जाऊ लागला. व्याधीचे नाव सांगणारा शब्द बरोबरीचे नाते सांगू लागला! शब्दाच्या आयुष्यात याहून सुंदर स्थित्यंतर ते कोणते?

भारताने या स्पर्धांत प्रथम भाग घेतला तो १९६८ साली, तेल अवीव येथे. त्या चमूत सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर परिसरातला एक जवान होता. त्याचे नाव मुरलीकांत पेटकर. सैन्याच्या ईएमई दलातील हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाला आणि कमरेखाली अधू झाला. पाण्यातला व्यायाम त्याच्या उपचाराचा भाग होता, आणि त्या पाण्यानेच त्याला पुन्हा खेळाडू केले. १९७० साली एडिंबरो येथील राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत त्याने पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत पार करून त्याने विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण होय.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले, तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. त्याच कृष्णाकाठच्या मुलखातील पेटकरांचे नाव मात्र अनेक दशके पाठ्यपुस्तकाबाहेर राहिले. २००८ साली अभिनव बिंद्राने ऑलिंपिकमध्ये भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण मिळविले, तेव्हा देशाने योग्य तो उत्सव केला. परंतु छत्तीस वर्षांपूर्वी एका तलावातही सुवर्ण मिळाले होते, याची आठवण किती जणांना झाली? पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती आला तो जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे सुवर्णपदकानंतर बावन्न वर्षांनी.

पेटकरांनंतरचा मार्गही खडतरच होता. १९७६ व १९८० या दोन्ही स्पर्धांत भारत नव्हता. १९८४ साली जोगिंदरसिंग बेदी यांनी तीन पदके मिळविली, तर भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत रौप्य जिंकले. त्यानंतर वीस वर्षे रिक्त गेली. २००४ साली अथेन्समध्ये देवेंद्र झाझरियाने भालाफेकीत सुवर्ण मिळविले. त्याचा क्रीडाप्रकार पुढील दोन स्पर्धांत नव्हताच, तरी त्याने २०१६ साली रिओत पुन्हा सुवर्ण घेतले. त्याच रिओत दीपा मलिक पदक मिळविणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. १९६८ पासून २०१६ पर्यंत भारताची एकूण पदके बारा. आणि टोकियोत एकाच स्पर्धेत एकोणीस, तर २०२४ साली पॅरिसमध्ये एकोणतीस! आपल्या गुजरातच्या भाविना पटेलने टोकियोत टेबल टेनिसचे रौप्य आणले. मराठी मानसी जोशी २०१९ साली बाझल येथे बॅडमिंटनची विश्वविजेती झाली. तिची अंतिम लढत गुजरातच्याच पारुल परमारशी होती. सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारीने पॅरिसमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळविले. पेटकरांच्या जिल्ह्यातला धागा असा पुन्हा जुळला.

ही वाढ कशाने झाली? भारतीयांची जिद्द अचानक वाढली असे नव्हे. प्रशिक्षक, साधने, प्रवासखर्च आणि स्पर्धा यांची वाट जसजशी मोकळी झाली, तसतशी आधीपासूनच असलेली गुणवत्ता प्रकट झाली. २०१६ च्या कायद्याने तर क्रीडासहभागाचा हक्क स्पष्टपणे मान्य केला आहे. आपल्या भाषेनेही ‘पंगू’, ‘अपंग’, ‘विकलांग’ असा प्रवास करीत ‘दिव्यांग’ या शब्दाशी मुक्काम केला आहे. शब्द बदलले, ते चांगलेच झाले. परंतु शब्द बदलून मुलगा पायरीवरच बसलेला असेल, तर आपण केवळ त्याचे नाव बदलले, जागा नव्हे.

शिक्षक मित्रहो, माझ्या त्या विद्यार्थ्याला काय फेकता आले असते, किती पोहता आले असते, हे मला कधीच कळणार नाही. कारण मी त्याला विचारलेच नाही. आपल्या शाळेच्या पायरीवर आज कोणी दप्तरे सांभाळीत बसले असेल, तर त्याला मैदानात बोलवा आणि त्यालाच विचारा, तू काय खेळशील? गुरुजींचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही.