राजी : ॲन एन्शंट एपिक

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने तयार केलेला व्हिडिओ गेम. पहिले प्रकाशन १८ ऑगस्ट २०२० रोजी, निन्टेंडो स्विच या हातात धरून खेळायच्या कन्सोलवर. विंडोज, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या यंत्रांवर तो १५ ऑक्टोबर २०२० रोजी आला. प्रकाशक सुपर डॉट कॉम. स्टुडिओचे संस्थापक अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड.

वर्ग : धावत, उड्या मारत, खाचखळगे चुकवत पुढे जायच्या खेळाला प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. खिशात मावणाऱ्या यंत्रावर तो रुळला १९८९ साली, गेम बॉयसोबत आलेल्या ‘सुपर मारिओ लँड’मुळे. १६० × १४४ ठिपक्यांचा पडदा, हिरवट रंगाच्या चार छटा, नायक डावीकडून उजवीकडे धावणार आणि मागचे चित्र त्याच्यासोबत सरकणार, एवढ्याच भांडवलावर त्याच्या एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या. मराठवाड्यातल्या पोरांच्या हाती मात्र गेम बॉय क्वचितच पडला. त्यांचा मारिओ टीव्हीला जोडायच्या नकली कन्सोलवरचा. पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेले ‘९९९९ इन वन’ आणि खेळ अडकला की कॅसेट काढून तिच्यात मारलेली फुंकर, हे सगळे त्यात आले.

‘राजी’ या पंगतीत काटेकोरपणे बसत नाही. बहुतेक परीक्षक त्याला ॲक्शन-ॲडव्हेंचर म्हणतात. पात्र डावी-उजवीकडे जाते तसे आत-बाहेरही जाते आणि पुष्कळदा दृश्य तिरपे, उंचावरून दिसते. तरीही नाते तुटलेले नाही. कॅमेरा खेळाडूच्या हातात नसतो. कोणती भिंत, कोणता जिना, कोणती दरी कुठून दिसावी हे रचनाकाराने आधीच ठरवलेले असते. राजी भिंतीवरून आडवी पळते, खांबावर चढते, कठड्याला लोंबकळत पुढे सरकते, तेव्हा खेळणाऱ्याला जुन्या मारिओचीच आठवण यावी.

कथानक : राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुरांनी देवांशी पुन्हा वैर मांडले आहे. ते मुलांना पळवून नेतात आणि त्यांत तिचा धाकटा भाऊ गोलूही जातो. दुर्गा तिची निवड करते आणि त्रिशूळ देते. मुख्य शत्रू महाबलासुर. वाटेत भेटणारी रंगडा ही बालीच्या दंतकथांतली चेटकीण आहे. भारतीय पुराणांत तिला शोधू नये. कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. दोघे वरून सगळे पाहत असतात आणि मधूनमधून एकमेकांना टोमणेही मारतात.

चित्रभाषा : खेळाचे खरे मोल इथे आहे. वास्तूंचा घाट राजस्थानातल्या किल्ल्यांचा, रंगसंगती पहाडी लघुचित्रांची. पृष्ठभाग हाताने रंगवलेले आहेत, त्यामुळे भिंतींना छायाचित्रासारखा गुळगुळीतपणा न येता कुंचल्याचा खरखरीतपणा येतो. झरोके, छत्र्या, जाळ्या, पायऱ्यांच्या विहिरी यांची मांडणी सजावटीपुरती नाही. कठडा हीच वाट असते आणि खांब हीच शिडी. वास्तूचा असा चालता-चढता उपयोग फार थोड्या खेळांत दिसतो.

वाटेत भित्तिचित्रे लागतात. राजी भिंतीपाशी येऊन थांबते, कॅमेरा चित्राजवळ सरकतो आणि वरून आवाज सुरू होतो. दुर्गेने महिषासुर कसा मारला, विष्णूने काय केले. ऐकून झाले की राजी पुढच्या चित्राकडे निघते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वाचकाला ही रीत नवी नाही. वेरूळच्या कैलास लेण्यात मंडपाच्या बाहेरच्या भिंतींवर एका बाजूला रामायण आणि दुसऱ्या बाजूला महाभारत आडव्या पट्ट्यांत कोरलेले आहे; पाहणाऱ्याने पट्टीसोबत सरकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातल्या जातककथा मात्र अशा सरळ वाचता येत नाहीत. तिथे प्रसंग काळाच्या क्रमाने मांडण्याऐवजी पुष्कळदा स्थळाप्रमाणे एकत्र आणलेले आहेत, राजवाड्यातले राजवाड्यापाशी, अरण्यातले अरण्यापाशी. ‘राजी’ वेरूळच्या बाजूची. हे साम्य सांगण्याच्या पद्धतीचे आहे, उसनवारीचे नव्हे. निर्मात्यांनी नावे घेतली आहेत ती राजस्थानची आणि पहाडी शैलीची.

कथेतले जोडप्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात दाखवले आहेत. पडद्यामागे उजेड, पुढे काळ्या कातीव आकृत्या, हातापायांचे सांधे दिसणारे. महाराष्ट्रात चामड्याच्या बाहुल्यांचा हा खेळ सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने जिवंत ठेवला आहे; तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्याच्या शेजारची परंपरा चित्रकथीची, आणि तिच्या एका शैलीला नावच पैठणचे आहे. पैठण शैलीच्या चित्रांत चेहरे एका बाजूने काढलेले, डोळे मोठे, आकृत्या ठसठशीत. अभ्यासक या आकृत्यांचे नाते छायाबाहुल्यांशी जोडतात. चित्रे कागदावर काढून दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवायची, त्यांची पोथी करायची, आणि कथेकऱ्याने एकेक पान उभे धरून गात गात गोष्ट सांगायची. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रे जपलेली आहेत. म्हणजे स्टुडिओ ज्या शहरात आहे त्याच शहरात.

कोडी मंडलाकृती आहेत. वर्तुळाची कडी फिरवून विस्कटलेले चित्र जुळवायचे असते. सोपी आहेत, सराईत खेळाडू त्यांच्यापाशी फार वेळ थांबत नाही.

लढाई : त्रिशूळ, धनुष्य, तलवार-ढाल. खांबाभोवती गिरकी घेऊनही मारता येते.

संगीत : लिनोस त्झेलोस, ग्रीक संगीतकार.

निर्मिती : स्टुडिओ २०१७ साली सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करण्याचा प्रयत्न झाला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. किकस्टार्टरच्या नियमाप्रमाणे लक्ष्य गाठले नाही तर जमलेलेही मिळत नाही. खेळ वाचला तो पुढे. अनरियल इंजिन बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीचे विकासकांसाठीचे अनुदान मिळाले, प्रकाशक मिळाला आणि निन्टेंडोने दखल घेतली. छोट्या स्टुडिओंच्या खेळांसाठी निन्टेंडो ‘इंडी वर्ल्ड’ नावाचे सादरीकरण करते. त्यात घोषणा झाली आणि त्याच दिवशी खेळ विक्रीला आला.

यातली गंमत अशी की ज्या यंत्रावर हा खेळ पहिल्यांदा आला ते त्या वेळी भारतात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते. पुणेकराला पुण्यात बनलेला खेळ प्रकाशनाच्या दिवशी खेळायचा तर बाहेरून आणलेला किंवा चोरट्या आयातीतून आलेला, हमी नसलेला स्विच हवा. बाकीच्यांनी ऑक्टोबरपर्यंत वाट पाहिली. ६.२ इंची पडद्याचे हे यंत्र स्वस्त नव्हते आणि आयातीचा बोजा पडल्यावर आणखी महाग होई.

स्वागत : ‘द गेम अवॉर्ड्स’च्या २०२० सालच्या पदार्पण विभागात नामांकन; पुरस्कार ‘फास्मोफोबिया’ला गेला. परीक्षकांनी दृश्यरूपाची जवळजवळ एकमुखाने वाखाणणी केली. लढाईच्या हालचाली कुठे कुठे अडखळतात, खेळ पाचएक तासांत आटोपतो आणि शेवट एकदम येतो, या तक्रारी वारंवार आल्या. शेवटाबद्दलची तक्रार रास्त वाटते. एवढा चढ चढून आल्यावर खेळाडूला पायरीवरच उभे केले जाते. पुराणकथांच्या वापराचे राजकीय अर्थ लावणारी टीकाही झाली. तिचा परामर्श या नोंदीत घेतलेला नाही.

आवृत्त्या : २०२२ साली सुधारित आवृत्ती आली. तिच्यात लढाई दुरुस्त केली आणि हिंदी आवाज दिले; मूळ खेळ इंग्रजीत बोलत होता. दुर्गा-विष्णूंचे संवाद हिंदीत अधिक शोभतात, निदान टोमणे तरी. पुढे नेटफ्लिक्सच्या सदस्यांसाठी फोनवरही खेळ उपलब्ध झाला. स्विच न परवडणाऱ्यांच्या हाती तो पोचला तो बहुधा याच मार्गाने. ‘राजी : कलियुग’ हा पुढचा भाग जाहीर झाला आहे.