वाऱ्यावर सोडलेलं शस्त्र

खंदकात शिरलं की गोळी डोक्यावरून जाते. पहिल्या महायुद्धात १९१४ सालच्या अखेरीस पश्चिम आघाडीवरची दोन्ही सैन्यं हे शिकली आणि जमिनीत दडून बसली. आता खंदकात उतरणारं शस्त्र हवं होतं. ते सापडलं रंगांच्या कारखान्यांत.

अश्रुधुराचे प्रयोग आधीच झाले होते. जानेवारी १९१५ मध्ये जर्मनांनी पोलंडमधल्या बोलिमूवला तसे गोळे डागले, पण कडाक्याच्या थंडीत आतलं द्रव्य नीट उडालंच नाही. मग रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी क्लोरीन सुचवला. जर्मनीच्या रंगउद्योगात तो मुबलक होता आणि हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने पाण्यासारखा सखल जागी उतरत होता.

१८९९ च्या हेग जाहीरनाम्यात गुदमरवणारे वायू पसरवणाऱ्या गोळ्यांना मनाई होती. नळकांड्यांतून सोडलेल्या वायूचा त्यात उल्लेख नव्हता. जर्मनांनी बेल्जियममधल्या ईप्रजवळ पाच हजारांहून अधिक नळकांडी पुरली आणि वाऱ्याची वाट पाहिली. तिथे वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे त्यांच्याच तोंडावर येतो. त्यात आठवडे गेले. अखेर २२ एप्रिल १९१५ च्या संध्याकाळी वारा फिरला. हिरवट-पिवळा ढग सरपटत निघाला आणि समोरची फ्रेंच व अल्जीरियन फळी कोलमडली.

चार दिवसांनी त्याच रणांगणावर हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन वायूला सामोरी गेली. जमादार मीर दस्त यांनी वायूने हैराण झालेले सैनिक गोळा करून मोर्चा धरून ठेवला. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

सप्टेंबरमध्ये लूस इथे ब्रिटिशांनीही नळकांडी उघडली. गुप्ततेसाठी वायूला म्हणायचं ‘अ‍ॅक्सेसरी’. काही ठिकाणी वारा पडला, उलटला, आणि ती अ‍ॅक्सेसरी त्यांच्याच खंदकांत उतरली.

वाऱ्यावरचा हा भरवसा नको म्हणून दोन्ही बाजू तोफेच्या गोळ्यांत वायू भरू लागल्या. आधी फॉस्जीन, जुलै १९१७ मध्ये मस्टर्ड गॅस. तोही प्रथम ईप्रजवळच वापरला गेला, म्हणून फ्रेंचांनी त्याला त्या गावाचं नाव दिलं, ‘ईपेरीत’. हेगला मनाई झाली होती ती अशाच गोळ्याला. नळकांड्याची पळवाट काढून निघालेलं युद्ध दोन वर्षांत तिथेच येऊन पोचलं. १९२५ च्या जिनिव्हा करारात विषारी वायू वापरण्याला मनाई झाली. बनवण्याला आणि साठवण्याला मात्र नाही.