रणगाडावाहू जहाजावरून ‘नाकतोड्यां’ची झेप

दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या किनाऱ्यावर रणगाडे उतरविण्यासाठी बांधलेल्या काही जहाजांवर अमेरिकी सैन्याने चक्क लाकडी धावपट्टी उभारली होती. त्यावरून उडणारी विमाने मात्र परत जहाजावर उतरू शकत नसत.

‘लँडिंग शिप, टँक’ अर्थात एलएसटी हे सुमारे ३२८ फूट लांब, ५० फूट रुंद आणि सपाट तळाचे जहाज. नाळेचे दरवाजे उघडून ते थेट वाळूवर रणगाडे उतरवीत असे. संथ गतीमुळे खलाशी त्याला थट्टेने ‘मोठे, संथ लक्ष्य’ म्हणत.

किनाऱ्यावर उतरलेल्या तोफखान्याला टेकड्यांपलीकडचे दिसत नसे. गोळे कुठे पडतात, हे आकाशातून पाहून रेडिओवरून कळविणारा निरीक्षक पहिल्या तासापासून हवा होता. हे काम पायपर कंपनीचे एल-४ हे ६५ अश्वशक्तीचे, कापडी आवरणाचे, दोन आसनी विमान करी. अशा हलक्या विमानांना सैनिक ‘ग्रासहॉपर’ म्हणजे नाकतोडा म्हणत. परंतु ताब्यात धावपट्टी नसताना ते किनाऱ्यापर्यंत न्यायचे कसे, हा प्रश्न होता.

नोव्हेंबर १९४२ मध्ये मोरोक्कोच्या मोहिमेत तीन एल-४ विमाने ‘रेंजर’ या विमानवाहू नौकेवरून उडाली. ओळख न पटल्याने स्वकीयांनीच त्यांच्यावर गोळीबार केला. त्या उड्डाणात एक विमान पाडले गेले. शिवाय, अशा कामासाठी दर वेळी विमानवाहू नौका मिळणे शक्य नव्हते.

यावर उपाय म्हणून १० जुलै १९४३ रोजी सिसिलीतील लिकाटा येथील चढाईत एलएसटी-३८६ चा वापर झाला. जनरल ट्रस्कॉट यांच्या तिसऱ्या पायदळ डिव्हिजनसाठी तिच्यावर धावपट्टी बसविण्यात आली होती. जहाज वाऱ्याच्या दिशेने वळवायचे आणि विमानाने नाळेकडे धाव घेऊन उडायचे, अशी ही पद्धत होती. उड्डाणानंतर वैमानिकाला किनाऱ्यावरच मोकळी जागा शोधावी लागे. तेथे लढाई सुरू असली, तरी माघारीचा मार्ग नव्हता. १५ ऑगस्ट १९४४ रोजी सुरू झालेल्या दक्षिण फ्रान्सच्या मोहिमेत एलएसटी-९०६ वरही अशीच धावपट्टी होती.

परतीचा प्रश्न अमेरिकी लष्करी अधिकारी जेम्स ब्रॉडी यांनी सोडविला. त्यांच्या योजनेत जहाजाच्या बाजूला दोन आडव्या खांबांमध्ये पोलादी दोर ताणलेला असे. विमानाच्या पंखावर बसविलेला आकडा दोरावरील कप्पीच्या फासात अडकला, की विमान लटकत थांबे. त्याच दोरावरून वेग घेऊन ते पुन्हा उडे. एलएसटी-७७६ वरील ही यंत्रणा १९४५ मध्ये इवो जिमा आणि ओकिनावाच्या लढायांत वापरली गेली.

पुढे हेलिकॉप्टर आले. सपाट जागा मिळाली, की ते जहाजावरून उडू आणि पुन्हा तेथेच उतरू शके. त्यामुळे धावपट्टी आणि दोर या दोन्ही युक्त्या मागे पडल्या.