जुईनगरची माणसे मोजताना

सिडकोची स्थापना १९७० साली झाली, आणि पुढे नव्या शहराच्या आराखड्यात वीस लाख लोक गृहीत धरले गेले. माणसे येण्यापूर्वीच त्यांचा आकडा ठरला होता. जुईनगरची वसाहत त्या आकड्यामागून आली.

पुढचा हिशेब जनगणनेने ठेवला. महापालिका क्षेत्रात २००१ साली सुमारे ७ लाख, तर २०११ साली ११.२ लाख लोक होते. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. ती आता २०२७ साठी ठरली आहे. मधल्या वर्षांचा आकडा आणायचा कोठून? दशकात तेवढीच भर पडते असे मानले, तर २०२१ साठी १५.४ लाख येतात. वाढीची टक्केवारी कायम मानली, तर १७.८ लाख. दोन्ही रीती पाठ्यपुस्तकांतल्या, आणि तफावत २.४ लाख माणसांची! जन्ममृत्यूंच्या नोंदी घ्याव्यात, तर भाडेकरूंचे येणे-जाणे त्यांत सापडत नाही. घरे मोजून सरासरीने गुणावे, तर कुलूपबंद सदनिका आणि एका खोलीतले सहा जण सारखेच ठरतात. तरीही आम्हाला हीच रीत जवळची वाटते. निदान ती दारापर्यंत जाते.

राज्यघटनेला मात्र नगरपालिकांच्या बाबतीत अंदाज मान्य नाही. तिच्या व्याख्येनुसार लोकसंख्या म्हणजे आकडे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेतील लोकसंख्या. त्यामुळे जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीचे प्रभाग २०११ च्या आकड्यांवरच आखले गेले. त्यानंतर जुईनगरला राहायला आलेल्या माणसाचे नाव मतदारयादीत असू शकते. प्रभागाच्या लोकसंख्येत मात्र तो नाही.