मुंबईत अस्सल सावजी कसं शोधायचं? पाटी नंतर, आधी रस्सा बघा

वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) इथलं पोरगं नोकरीसाठी मुंबईत आलं की त्याला दोन गोष्टी हमखास समजावून सांगाव्या लागतात. एक, आमचं कारंजा म्हणजे उरणजवळचं बंदर नाही, नागपूर-अमरावती महामार्गावरचं गाव आहे. आणि दुसरी, सावजी म्हणजे कोल्हापुरी नाही.

मुंबईत मालवणी, उडुपी, इराणी, बोहरी, सगळ्यांचं जेवण मिळतं. सावजीच्या पाट्याही दिसतात. पण बऱ्याच ठिकाणी नेहमीच्या मटण रश्श्यात मिरची वाढवली की त्याचं सावजी होतं. पैसे जातात, पोट बिघडतं आणि गावची चव काही मिळत नाही.

तर मुळात सावजी आलं कुठून? नागपूरच्या हलबा कोष्टी, म्हणजे विणकर समाजाच्या घरातून. हातमागाचा धंदा बसत गेला तसं अनेक कुटुंबांनी राहत्या घरीच भोजनालयं काढली. घरचा मसाला हीच पुंजी. त्यामुळे प्रत्येक भोजनालयाची चव वेगळी, आणि मसाल्याचं प्रमाण कुणी सांगत नाही.

तरी ओळख पटते. सावजी रस्सा लालभडक नसतो, काळपट तपकिरी असतो. खोबरं सुकं आणि भाजलेलं. ओल्या नारळाची गोडसर चव लागली तर तो रस्सा कोकणाकडे झुकलाय. मसाल्यात खसखस, काळी मिरी, दगडफूल असतं, त्यामुळे तिखट जिभेवर कमी आणि घशात जास्त जाणवतं. वर तेलाची जाड तर्री. पूर्वी हे तेल जवसाचं असायचं, पण आज नागपुरातही सगळे ते वापरत नाहीत. तेवढ्यावरून हॉटेल बाद करू नका.

सगळ्यात सोपी परीक्षा मेन्यूकार्डची. फक्त मटण आणि चिकन असेल तर शंका घ्या. खूर, सुंदरी (बकऱ्याची आतडी), कलेजी, पाटोडी रस्सा, डाळकांदा यातलं काही दिसलं, तर आत बहुतेक विदर्भातला माणूस आहे. शाकाहारी असाल तर थेट पाटोडी मागवा. बेसनाच्या वड्या रश्श्यात फुटल्या नाहीत तर हात बसलेला आहे.

मोबाईलवर शोधताना एक गोची होते. इंग्रजीत सावजीचं स्पेलिंग कुणी 'ओ' घालून करतं, कुणी 'व्ही' घालून. दोन्ही टाकून बघा. शिवाय हुबळी, गदग, सोलापूर भागातही सावजी हॉटेलं आहेत. ती सोमवंशी सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची. तेही जेवण झणझणीत, पण ते नागपुरी नाही. 'वऱ्हाडी' लिहिलं म्हणजे सावजी, असंही नाही.

स्टार बघण्यापेक्षा गिऱ्हाइकांनी टाकलेले ताजे फोटो बघा, तर्रीचा रंग तिथेच कळतो. 'फार तिखट, परत येणार नाही' अशी एखादी तक्रार दिसली तर उलट चांगलंच!

आणि हॉटेलच नको असेल तर 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शनावर लक्ष ठेवा. राज्यभरातल्या महिला बचत गटांचं हे प्रदर्शन मुंबईत भरतं, तिथे विदर्भातल्या बायकांच्या हातचं जेवण मिळतं. पहिल्यांदा खाणार असाल तर हाफ प्लेट घ्या आणि रश्श्यासोबत भात आधीच मागवून ठेवा.