दुआ आणि कुऱ्हाड

आळस जावा, कामात मन लागावे म्हणून कोणती दुआ पढावी, असे विचारले की आमच्याकडे बहुधा एकच दुआ सांगितली जाते. फजरनंतर ती पढणारे अनेक आहेत. हल्ली ती मोबाइलवरूनही फिरते. पण ती कुठून आली, कोणाला शिकवली गेली आणि तिच्यात आळसाच्या शेजारी कोण कोण बसले आहे, हे आम्ही क्वचितच पाहतो.

हिजरी ७, म्हणजे इ.स. ६२८ ची गोष्ट. पैगंबर मुहम्मद (स.) मदिनेहून खैबरच्या मोहिमेवर निघाले होते. प्रवासात सेवेसाठी एखादा मुलगा पाहा, असे त्यांनी हजरत अबू तल्हा (रजि.) यांना सांगितले. अबू तल्हांनी आपला सावत्र मुलगा अनस याला मागे बसवून सोबत नेले. मुक्काम पडला की पैगंबरांच्या तोंडून ही दुआ वारंवार ऐकू येई. ती त्या किशोराच्या ध्यानात राहिली आणि पुढे इमाम बुखारी (मृत्यू इ.स. ८७०) यांच्या संग्रहात नोंदली गेली. आम्ही जी दुआ गादीवर बसून पढतो, ती अशी वाटचालीतून आमच्यापर्यंत आली आहे.

या दुआत आठ गोष्टींपासून अल्लाहचा आसरा मागितला आहे : चिंता आणि दुःख, असमर्थता आणि आळस, कंजुषी आणि भित्रेपणा, कर्जाचा भार आणि माणसांची जबरदस्ती. चौदाव्या शतकातील दमिश्कचे विद्वान इब्न कय्यिम यांनी या आठांच्या चार जोड्या लावून दाखवल्या. चिंता पुढच्याची असते, दुःख गेल्याचे. ‘अज्झ’ म्हणजे ताकदच नसणे. ‘कसल’ म्हणजे ताकद असून इच्छा नसणे. कंजूष माणूस पैसा राखतो, भित्रा जीव राखतो. आणि माणूस दबतो तो एकतर दुसऱ्याच्या हक्काखाली, ते कर्ज. किंवा दुसऱ्याच्या अन्यायाखाली, ती जबरदस्ती. हे लिहिणारा माणूस स्वतः १३२६ ते १३२८ या काळात दमिश्कच्या किल्ल्यात कैद भोगून आला होता. शेवटचा शब्द त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अज्झ आणि कसल यांतला फरक आमच्यासाठी फार मोलाचा आहे. सच्चर समितीने २००६ साली शिक्षण, सरकारी नोकऱ्या आणि बँकांचे कर्ज यांत मुस्लिम समाज किती मागे आहे, हे नोंदवले. त्या सगळ्याला ‘हे लोकच आळशी’ म्हणणे म्हणजे अज्झला कसल ठरवणे होय. पण दुसरी बाजूही खरी आहे. हाती संधी असताना बसून राहायचे आणि दोष मात्र परिस्थितीला द्यायचा, हे कसलला अज्झचे नाव देणे झाले. दुआ दोघांची नावे वेगवेगळी घेते. आम्ही मात्र सोयीप्रमाणे त्यांची अदलाबदल करतो.

इमाम अबू दाऊद (मृत्यू इ.स. ८८९) यांच्या संग्रहात या संदर्भात दोन हकीकती आहेत. काही जाणकारांनी दोन्हींच्या सनदीबद्दल शंका घेतली आहे. तरी मुस्लिम समाजाने त्या शतकानुशतके सांभाळल्या. पहिलीत अबू उमामा नावाचे अन्सारी नमाजाची वेळ नसताना मशिदीत बसलेले दिसतात. कारण विचारल्यावर ते चिंता आणि कर्ज सांगतात. पैगंबर त्यांना हीच दुआ सकाळ-संध्याकाळ पढायला शिकवतात. पुढे आपली चिंता गेली, कर्ज फिटले, असे ते सांगतात.

ही हकीकत नमाजविषयक भागाच्या अगदी शेवटी येते आणि लगेच जकातीचा भाग सुरू होतो. त्याच भागात दुसरी हकीकत आहे, तीही अनस यांनीच सांगितलेली. एक अन्सारी मदत मागायला आला. घरात एक कापड आणि पाण्याचे एक भांडे, एवढेच होते. पैगंबरांनी त्या वस्तूंचा लिलाव केला. दोन दिरहम आले. एकाचे घरी अन्न गेले, दुसऱ्याची कुऱ्हाड आली. तिला पैगंबरांनी स्वतःच्या हाताने दांडा बसवला आणि म्हणाले, लाकडे तोडून विक, पंधरा दिवस मला दिसू नकोस. तो परतला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते.

दुआ शिकवणारे आणि दांडा बसवणारे हात एकच होते, हे आमच्या लक्षात राहिले पाहिजे. कर्जात बुडालेल्याला दुआ सांगणारे आमच्यात पुष्कळ आहेत. त्याला कुऱ्हाड घेऊन देणारे किती? कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले (सूरह तौबा, आयत ६०), त्यांत कर्जदारही आहेत. कोणाला शिलाई मशीन, कोणाला हातगाडी, कोणाच्या मुलीची थकलेली फी, असा हिशेब प्रत्येक जमातीने येत्या रमजानात मांडून पाहावा. दुआ तर रोज पढली जातेच.